आरोग्य पाठ : लघवीच्या रिपोर्टमधील 'पस सेल्स'



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी उपासना संपल्यावर चहाच्या टेबलाजवळ मंडळीतील एका वडीलधाऱ्या बाईंनी मला बाजूला घेतले. पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला आणि हळूच म्हणाल्या, "बाई, ह्यात पू आहे असं लिहिलंय. काही मोठं तर नाही ना?" कागद लघवीच्या तपासणीचा होता. 'पस सेल्स' ह्या शब्दांपुढे ६-८ असा आकडा होता आणि प्रयोगशाळेच्या संगणकाने तो ठळक अक्षरांत छापला होता. बाईंना जळजळ नव्हती, ताप नव्हता, पोटात दुखत नव्हते. सवलतीच्या दरातील पूर्ण शरीर तपासणीत ही तपासणीही आपोआप झाली होती, एवढेच. तरी त्यांनी ओळखीच्या औषध दुकानातून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या होत्या आणि तीन दिवस घेतल्याही होत्या.

त्याच आठवड्यात मंगळवारी आम्ही मुळशी तालुक्यातील एका कातकरी वाडीत होतो. तेथे एक बाई मुलीला कडेवर घेऊन लांबूनच पाहत उभी होती. सगळ्या गेल्यावर जवळ आली. "सिस्टर, दोन महिने झालं, उन्हाळी लागलीय. थांबतच नाय." (मी नर्स नाही, प्रयोगशाळेतली आहे, हे सांगून मी थकले. वाडीत पिशवी घेऊन येणारी प्रत्येक बाई सिस्टरच असते.) एकीकडे कागद होता आणि दुखणे नव्हते. दुसरीकडे दुखणे होते आणि कागदाचा पत्ता नव्हता. दोघींना सांगावे असे जे माझ्याजवळ आहे, ते ह्या पाठात लिहिते. एकतीस वर्षे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लघवीच्या काचा पाहिल्या, निवृत्तीनंतर ह्या कामाबरोबर महिन्यातून दोनदा वाड्यांवर जाते, तेवढ्याच अधिकाराने लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. म्हणून औषधांची नावे आणि मात्रा ह्या लेखात मुद्दाम दिलेल्या नाहीत.

पहिल्यांदा त्या शब्दाची भीती काढू. पस सेल म्हणजे पांढरी पेशी, दुसरे काही नाही. आपल्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्या हाडांच्या मगजात तयार होतात. त्यांतल्या बहुसंख्य पेशी जंतू गिळणाऱ्या असतात. शरीरात कोठे जंतू शिरले की त्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून तिकडे धावतात, जंतूंना पोटात घेतात आणि बऱ्याचदा स्वतःही मरतात. मेलेल्या पेशींचा ढीग साचला की त्याला आपण पू म्हणतो. गळवात तो डोळ्यांना दिसतो, लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो.

ही गोष्ट प्रथम ओळखली ती रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ ह्यांनी, १८८२ साली, इटलीतील मेसिना येथे. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या कातडीखाली त्यांनी गुलाबाचा काटा खुपसला आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तर काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी जमली होती. तो काटा त्यांनी घरामागच्या लहानशा बागेतून आणला होता. त्याच बागेत थोड्या दिवसांपूर्वी त्यांनी मुलांसाठी नाताळचे झाड सजवले होते. ह्या शोधासाठी त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या पायात बाभळीचा काटा मोडतो तेव्हा आतमध्ये तेच घडते.

तेव्हा लघवीत पांढऱ्या पेशी दिसल्या म्हणजे मूत्रपिंडापासून बाहेरच्या वाटेपर्यंत कोठेतरी त्या धावून आल्या आहेत. कशासाठी आल्या, हे आकडा सांगत नाही. वाडीत पोलिसांची गाडी आली तर काहीतरी झाले असावे एवढेच कळते. चोरी झाली, भांडण झाले, की साहेब नुसते पाणी प्यायला थांबले, हे विचारावे लागते.

आता आकडा कसा काढतात ते पाहा, म्हणजे त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा हे कळेल. साधारण दहा मिलिलिटर लघवी नळीत घेऊन पाच मिनिटे यंत्रात गरगर फिरवतात. जड पेशी तळाशी बसतात. वरचे पाणी ओतून टाकतात, तळाचा एक थेंब काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली पाहतात. भिंगातून एका वेळी जे वर्तुळ दिसते त्याला हाय पॉवर फील्ड म्हणतात, रिपोर्टवर ते 'एच.पी.एफ.' असे येते. अशी आठदहा वर्तुळे पाहून प्रत्येकात साधारण किती पेशी दिसल्या ते लिहितात. पाचपर्यंत दिसल्या तर सहसा कोणी मनावर घेत नाही. पण नळीत पाणी थोडे जास्त उरले, फिरवणे कमी झाले, थेंब मोठा पडला, की सहाच्या चार होतात किंवा नऊ होतात. मी स्वतः एकाच काचेवर सकाळी सहा आणि जेवणानंतर आठ मोजलेल्या आहेत. म्हणून ६ आणि ८ ह्यांत फरक शोधू नये. ३०-४० किंवा 'फील्ड फुल' ही वेगळी गोष्ट आहे.

त्याहून मोठा घोळ नमुना घेताना होतो. ह्यावर मी थोडे जास्त लिहिणार आहे, कारण तीस वर्षांत पाहिलेल्या निम्म्या भानगडी बाटलीच्या तोंडाशीच सुरू झाल्या होत्या.

स्त्रियांमध्ये लघवीची वाट आणि अंगावरून जाण्याची वाट अगदी शेजारी आहे. अंगावरून पांढरे जात असेल तर त्यातही पांढऱ्या पेशी असतात, आणि नमुना नीट घेतला नाही तर त्या लघवीत मिसळतात. मग लघवीचा काहीही दोष नसताना कागदावर १५-२० येतात. हे ओळखायची खूण त्याच रिपोर्टवर असते. 'एपिथेलियल सेल्स' नावाची ओळ शोधा. त्या म्हणजे बाहेरच्या कातडीच्या, फरशीच्या लादीसारख्या चपट्या पेशी. त्या भरपूर असल्या, तर नमुन्यात बाहेरचे मिसळले आहे असे समजून तपासणी पुन्हा करावी. बाईंच्या कागदावर ती ओळ मी पाहिली तेव्हा तेथे १२-१५ होते. ठळक मात्र पस सेल्सच छापले होते.

नमुना घ्यायची रीत सोपी आहे. आधी हात धुवावेत. मग जागा साध्या पाण्याने पुढून मागे अशी धुवावी आणि कोरडी करावी. लघवीची पहिली धार सोडून द्यावी, मधली धार रुंद तोंडाच्या स्वच्छ बाटलीत घ्यावी, शेवटची पुन्हा सोडावी. बाटलीच्या आत बोट लावू नये. पाळीच्या दिवसांत शक्यतो नमुना देऊ नये. सकाळची पहिली लघवी चांगली, कारण ती रात्रभर साठलेली असते. बाटली तपासणीची असावी. घरची बाटली कितीही धुतली तरी तिचे जुने सामान ती सोडत नाही. एका वाडीत एका आजोबांच्या लघवीत भरपूर साखर निघाली. मी त्यांना मधुमेहाबद्दल पाच मिनिटे समजावून सांगितले. मग बाटली नाकाशी नेली तेव्हा कळले, ती मधाची होती. रानातून मध काढणाऱ्या माणसाच्या घरात दुसरी कोणती बाटली असणार!

दुसरी अडचण वेळेची. लघवी ठेवून दिली की पांढऱ्या पेशी फुटतात आणि जंतू मात्र वाढत जातात. तपासणी तासाभरात, फार तर दोन तासांत व्हावी. पुण्यात हे सोपे आहे. मुळशी धरणाच्या मागच्या अंगाला, ताम्हिणी घाटाच्या बाजूला असलेल्या वाडीतून बाटली निघाली की पायवाट, मग डांबरी रस्ता, मग वाहनाची वाट पाहणे, आणि पौडला पोहोचेपर्यंत अर्धा दिवस जातो. म्हणून आम्ही सूक्ष्मदर्शकच वाडीत नेतो. आपल्यापैकी एका कुटुंबाने दिलेला तो जुना, आरशाचा सूक्ष्मदर्शक आहे. आरसा उन्हाकडे वळवला की चालतो. जुलैत मात्र तिकडे आठआठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा बॅटरी लावावी लागते. फिरवायचे यंत्रही हाताने चालवायचे आहे. वाडीतली मुले ते फिरवायला रांग लावतात.

सूक्ष्मदर्शक नसेल तेथे पट्टी वापरतात. प्लास्टिकच्या पट्टीवर रंगीत चौकोन असतात. ती लघवीत बुडवून काढायची आणि घड्याळ पाहायचे. एक चौकोन पांढऱ्या पेशींतून निघणारे एस्टरेज नावाचे विकर ओळखतो. पेशी असतील तर सुमारे दोन मिनिटांत तो जांभळट होतो. पेशी फुटल्या असल्या तरी विकर लघवीत राहते, हा त्याचा फायदा. दुसरा चौकोन नायट्राइटचा. आपण खातो त्या पालेभाज्यांतून नायट्रेट लघवीत येते, आणि काही जंतू त्याचे नायट्राइट करतात. त्यांत ई. कोलाय हा मुख्य, आतड्यात राहणारा आणि लघवीच्या बहुतेक जंतुसंसर्गांना कारण होणारा. मग चौकोन गुलाबी होतो. पण हे व्हायला लघवी मूत्राशयात साधारण चार तास साठलेली असावी लागते. जिला दर पंधरा मिनिटांनी जावे लागते तिची पट्टी कोरी राहू शकते, आणि काही जंतू तर नायट्राइट करतच नाहीत. म्हणून गुलाबी झाली तर महत्त्वाची, नाही झाली तर निष्कर्ष काढायचा नाही.

पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी असे तिच्यावर लिहिलेले असते. ते मी शेकडो विद्यार्थ्यांना शिकवले आहे आणि स्वतः मोडले आहे. एका ऑगस्टमध्ये शाळेच्या पडवीत काम करताना झाकण उघडे राहिले. बाहेर धुके, पाऊस, भिंतींना ओल. पुढच्या भेटीत नऊपैकी सात बायकांच्या पट्ट्या गुलाबी झाल्या. मला आधी साथच वाटली. मग शंका येऊन एक पट्टी पिण्याच्या पाण्यात बुडवली, तीही गुलाबी. हवा आणि ओल लागलेल्या पट्ट्या असे खोटे बोलतात. त्या सात जणींना पुन्हा बोलावून खरे सांगावे लागले. एकीने विचारले, "मंग त्या दिवशी पाण्यालाच उन्हाळी लागली व्हती का?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण दोघींना त्या पट्टीवरून गोळ्या दिल्या गेल्या होत्या.

आता त्या वाडीतल्या बाईकडे वळते. तिने दोन महिने कोणाला का सांगितले नाही? शहरातल्या माणसाला ह्याचा राग येतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग ह्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ६५० स्त्रियांची तपासणी झाली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा गुप्तरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि ह्यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. जगाने तेव्हा प्रथमच नीट पाहिले की खेड्यातली बाई किती सोसून गप्प बसते. त्याला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला. सोयी वाढल्या आहेत, आशाताई दारापर्यंत जातात, ह्यात शंका नाही. पण ती गप्प बसण्याची सवय मला अजून भेटते, आणि ती फक्त वाडीत भेटते असेही नाही.

गप्प बसण्यामागे दुसरेही कारण आहे, आणि ते मला एका वीटभट्टीवर कळले. कातकरी समाज हा सरकारच्या यादीत विशेष दुर्बल आदिवासी गट म्हणून नोंदलेला आहे. स्वतःची जमीन असणारे थोडे. दिवाळी झाली की अनेक कुटुंबे भट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात मालकाकडून उचल घेतलेली असते, ती अंगावर फेडायची असते. फेब्रुवारीत आम्ही भट्टीवर गेलो तेव्हा एक सात महिन्यांची गरोदर मुलगी झोपडीत पांघरूण घेऊन पडली होती. हुडहुडी भरून ताप, उजव्या कुशीत दुखणे, दोन उलट्या. सासूने धणे-जिऱ्याचे पाणी दिले होते. सगळ्यांना थंडीताप वाटला होता.

मी तिला विचारले, दिवसातून पाणी किती पितेस? ती म्हणाली, "सकाळी पिते आन रातीला पिते." मध्ये का नाही? तिने उत्तर दिले नाही, तिच्या जावेने दिले. भट्टीवर चारी बाजूंना मोकळे रान, आडोसा नाही, पुरुष माणसे दिवसभर फिरतात. बायका पहाटे अंधारात एकदा आणि रात्री अंधारात एकदा जातात. मध्ये जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. उन्हात, भट्टीच्या धगीत, बारा तास. एरवी लघवीची धार वाटेतले जंतू धुऊन नेते. ती दिवसभर अडवून ठेवली की जंतूंना साठलेल्या पाण्यात वाढायला वेळ मिळतो.

गरोदरपणात ह्यात भर पडते. शरीरातील बदलांमुळे मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळ्या सैल पडतात, वाढणारे गर्भाशय त्यांच्यावर दाबते आणि लघवी वर तुंबते. शंभर गरोदर स्त्रियांत दोन ते दहा जणींच्या लघवीत काहीच त्रास नसताना जंतू असतात. त्यांवर उपचार झाले नाहीत तर त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या आसपास बायकांमध्ये जंतू वर चढून मूत्रपिंडाला सूज आणतात, बाळ दिवसांआधी जन्मण्याचा धोकाही वाढतो. म्हणून, इतरांना त्रास नसेल तर लघवीतल्या जंतूंवर औषध द्यायचे नसते, पण गरोदर बाई ह्या नियमाला अपवाद आहे. तिला त्रास नसला तरी उपचार करतात. गरोदरपणाच्या तपासणीत लघवीतील प्रथिने आणि साखर पाहतात, तशीच जंतूंची तपासणीही करता येते का, हे आपल्या घरातल्या सुनेसाठी डॉक्टरांना जरूर विचारा. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. वाडीतल्या बायकांना ही तारीख आम्ही चंद्राच्या कलेप्रमाणे पाठ करून घेतो.

त्या मुलीची काच पाहिली तेव्हा पेशी मोजायची गरजच नव्हती, वर्तुळ भरलेले होते. काही पेशी तर नळीच्या साच्यात ओतल्यासारख्या लांबट गठ्ठ्यांत होत्या. ह्या गठ्ठ्यांना कास्ट म्हणतात. ते दिसले की दुखणे मूत्राशयात नसून मूत्रपिंडात आहे असे समजायचे. तिला त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्यायला हवे होते. नवऱ्याने मुकादमाकडे पाहिले, मुकादमाने वहीकडे. दोन माणसांचे खाडे उचलीत वाढणार होते. अर्धा तास बोलणी झाली, तो मी येथे लिहीत नाही. शेवटी सासूच उठली आणि म्हणाली, "पोर गेली तर उचल कोन फेडंल?" मुकादमाला तो हिशेब पटला. सहा दिवस सलाईनमधून औषधे चालली. एप्रिलच्या शेवटी तिला मुलगा झाला, दोन किलो सहाशे ग्रॅमचा.

लघवीत पेशी आहेत, पण जंतूच सापडत नाहीत, असेही होते. ह्या प्रकाराबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, आणि सांगताना सर्वांत जास्त जड जाते. कोळशाच्या भट्टीवर काम करणारे पन्नाशीचे एक गृहस्थ. वारंवार लघवीला जावे लागे, वजन उतरले होते. मी त्यांची काच पहिल्यांदा पाहिली आणि लिहिले, 'पस सेल्स २०-२५, जंतू दिसत नाहीत.' त्यांना गोळ्या मिळाल्या. दोन महिन्यांनी पुन्हा पाहिली, पुन्हा तेच लिहिले. मधल्या काळात त्यांनी बाजाराच्या गावातून आणखी दोनदा गोळ्या घेतल्या होत्या. कल्चर केले तेव्हा उत्तर आले, 'वाढ नाही'. त्यांना वाटले बरे झाले. तिसऱ्या वेळी आमच्याबरोबर आलेल्या तरुण डॉक्टर बाईंनी माझ्या जुन्या वहीतल्या त्या दोन ओळी वाचल्या आणि विचारले, "बाई, पेशी आहेत आणि जंतू नाहीत, तर ह्यांची टीबीची तपासणी केली का?"

केली नव्हती. क्षयाचे जंतू साध्या कल्चरमध्ये वाढत नाहीत, साध्या काचेवर दिसत नाहीत. फुप्फुसातून रक्तावाटे ते मूत्रपिंडात जाऊन वर्षानुवर्षे दबून राहू शकतात. खोकला नसतो, म्हणून कोणाला आठवण होत नाही. लागोपाठ तीन दिवस पहाटेची लघवी घेऊन खास तपासणीला पाठवली आणि टीबी निघाला. औषधे सरकारी केंद्रातून मोफत मिळाली. पोषणासाठी निक्षय पोषण योजनेचे पैसेही मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये. ते आता बरे आहेत, चालतेफिरते आहेत. पण तोवर एक मूत्रपिंड जवळपास निकामी झाले होते. डॉ. कॉख ह्यांनी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला तो २४ मार्च १८८२ रोजी, मेचनिकॉफच्या काट्याच्याच वर्षी. प्रयोगशाळेत दरवर्षी २४ मार्चला मी मुलांना हे सांगत असे. आणि माझ्याच वहीत ते दोनदा माझ्यापुढे येऊन गेले.

पेशी आहेत आणि जंतू नाहीत ह्याची साधी कारणेही असतात. कोणी आधीच अर्ध्यामुर्ध्या गोळ्या घेतलेल्या असतात. मुतखडा असतो. अंगदुखीच्या गोळ्या रोज खाल्ल्याने मूत्रपिंडाला सूज येते. काही लैंगिक आजार असतात, त्यांत नवरा-बायको दोघांना औषध घ्यावे लागते, एकट्या बाईला देऊन भागत नाही. भातलावणीच्या दिवसांत चिखलपाण्यात काम करणाऱ्याला जोराचा ताप, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल असे असेल तर लेप्टोचा विचार करावा लागतो, त्यातही लघवीत पेशी येतात. लघवीची नळी घातलेल्या रुग्णाच्या लघवीत पेशी असणारच, त्या पाहून घाबरू नये.

औषधाबद्दल एकच. त्रास नसताना कागदावरचा आकडा पाहून प्रतिजैविके घेऊ नका, आणि डॉक्टरांनी दिलेली अर्धी सोडू नका. आपल्या देशात ई. कोलायवर पूर्वी हमखास लागू पडणाऱ्या कित्येक गोळ्या आता लागू पडत नाहीत. पुण्यात दुकानातून सहज घेतलेल्या पाकिटाचा आणि वाडीतल्या बाईचा संबंध येथे येतो. तोच जंतू पाण्यातून, गटारातून, माणसांबरोबर फिरतो. मग तिच्यासाठी जी एक स्वस्त गोळी पुरली असती ती चालत नाही, आणि सुई घ्यायला तिला दवाखान्यात राहावे लागते, म्हणजे पुन्हा खाडे. शक्य असेल तेव्हा औषध सुरू करण्यापूर्वी कल्चरचा नमुना द्यावा. त्याचे उत्तर यायला दोन दिवस लागतात. ताप नसेल तर डॉक्टर तेवढे थांबू शकतात. आणखी एक, लघवीच्या आजाराची एक नेहमीची गोळी जी-६-पी-डी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना सोसत नाही, रक्तपेशी फुटतात. काही आदिवासी समाजांत ही कमतरता जास्त आढळते. म्हणून शेजारणीची उरलेली गोळी वाडीत वाटायची नाही, हे आपल्या स्वयंसेवकांनीही लक्षात ठेवावे.

घरी थांबू नये ते केव्हा, तेही लिहिते. हुडहुडी भरून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणे, उलट्या, लघवीतून रक्त, ह्यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गरोदर बाई, लहान मूल, मधुमेही आणि पुरुष ह्यांच्या जळजळीला साधी समजू नये. लहान मुलाला दुसरे काही कारण नसताना ताप येत असेल तर लघवी तपासायची आठवण डॉक्टरांना आपणच करावी.

त्या वडीलधाऱ्या बाईंना मी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी लिहून दिली, कारण गोळ्या अंगात असताना केलेली तपासणी काहीच सांगत नाही. ह्या वेळी त्यांनी मी सांगितल्याप्रमाणे मधली धार दिली. पस सेल्स १-२, एपिथेलियल १-२. कागद त्यांनी मला पुन्हा चहाच्या टेबलाजवळच दाखवला, पण ह्या वेळी मोठ्याने.

वाडीतल्या बाईला मूत्राशयाचा जंतुसंसर्ग होता. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने चार दिवसांत आग थांबली. पुढच्या भेटीत मी पोहोचले तेव्हा ती शाळेच्या पडवीत तीन नव्या जणींना घेऊन आधीच बसली होती. मी बाटल्या काढायच्या आत तीच त्यांना सांगत होती, "पयली धार सोडायची गं, मधली घ्यायची. आन बाटली मधाची नको."

आमच्याकडच्या रुंद तोंडाच्या बाटल्या त्या दिवशी संपल्या. पुढील भेट भातकापणीनंतर आहे. तेव्हा कुटुंबे भट्टीवर निघायच्या आत सर्व गरोदर बायकांच्या लघव्या पाहायच्या आहेत.